शिवकन्येची पाठवणी

लातूर,
२० मे २०२५

ती. देविकाताईस,
सर्वेशचा शि. सा. न. वि. वि.

आत्यानं तुझा मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला हे कळलं तेव्हा आधी लई हसलो. मग डॉक्टरांनी तुला बाळ होईपर्यंत अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलंय हे आठवलं आणि गप्प झालो. आत्याच्या फोनवर बोलावं तर ती स्पीकर लावून गल्लीला ऐकवते आणि मधेच माझ्या लग्नाचं काढते. म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे हे पत्र. शाळा सुटल्यापासून हातानं एवढं पहिल्यांदाच लिहून राहिलो, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

वर्षभर तू माझ्या मागं लागली होतीस की बँक, मेस आणि मोबाईल यापलीकडं तुला काही आहे का नाही, जरा माणसांत जा, कुणाच्या उपयोगी पड. तर घे, गेलो. आमच्या शाखेत खातं असलेले दातांचे एक डॉक्टर आहेत, संगमेश म्हणून. त्यांनी नोकरीवाल्या पोरापोरींचा ‘सुट्टीचे सोबती’ असा गट काढलाय. आम्हाला वेळ नसतो हे त्यांनी आधीच धरून चाललंय. म्हणून रविवारी फक्त दोन तास द्यायचे. कुणी रक्तदान शिबिरात चहा वाटायचा, कुणी कार्यक्रमात गाड्या लावून द्यायच्या, कुणी म्हाताऱ्यांना डोळे तपासायला हात धरून न्यायचं. दोन तास झाले की मोकळे. मला ही व्यवस्था एकदम पटली.

परवाच्या रविवारी औसा रोडच्या मैदानावर सामुदायिक विवाह होते. गरीब घरच्या जोडप्यांची एकाच मांडवात लग्नं, खर्च सगळा संगमेशच्या वडिलांच्या ट्रस्टचा. माझ्याकडं पाणी वाटायचं काम. उन्हानं डोकं भणभणत होतं. अक्षता वाटून झाल्या, भटजींनी माइक हातात घेतला, तेवढ्यात शेवटच्या रांगेच्या टोकाला एक नवरी पाटावर उभी दिसली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातभर हळद. समोर अंतरपाट आणि पलीकडं मान खाली घातलेला नवरदेव. बाकी प्रत्येकीच्या मागं तिचा मामा उभा होता, हिच्या मागं कुणीच नाही. मला पाहून हळूच म्हणाली की तिचा मामा आलाच नाही, मी उभा राहीन का. आता अशा वेळी नाही कोण म्हणेल? पाण्याचा जग खाली ठेवला आणि राहिलो उभा, तिच्या खांद्यांवर हात ठेवून. नाव विचारलं तर शिवकन्या म्हणाली, लोह्याकडची. ताई, तुझ्या बाळाचा मामा होण्याआधीच मी मामा झालो बघ!

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि खिशातला फोन थरथरला. मॅनेजरसाहेबांना वरच्या ऑफिसात पाठवायला कसलीतरी माहिती हवी होती, तीही ताबडतोब. तिला येतोच म्हणालो आणि गाडीला किक मारली. परत जायला काही जमलं नाही. थोडं वाईट वाटलं, पण माझे दोन तास तर पूर्ण झाले होते.

आत्याला नमस्कार. सुदर्शनदाजी हैदराबादहून आले की त्यांनाही सांग. तू पडून राहा, आणि माझ्यावरची माया आहे तेवढीच ठेव, जास्त केलीस तर बाळाला कमी पडायची.

तुझा,
सर्वेश


नांदेड,
२५ मे २०२५

चि. सर्वेश यास,
देविकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराला नावं ठेवू नको म्हणालास म्हणून ठेवत नाही, पण आत्याला वाचून दाखवताना माझी जीभ वळेना. लग्न लागल्या लागल्या किक मारून पळणारा मामा मात्र मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. असो. एका परक्या पोरीची अडचण बघून तू जग खाली ठेवलास हे वाचून खरंच बरं वाटलं. आई-बाबांच्या मागं आत्यानं आपल्याला वाढवलं ते अगदीच वाया गेलं नाही.

माझं म्हणशील तर आठवा चालू आहे. बाळ अजून पोटात आडवंच आहे. डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे, वळेल. मी हो हो म्हणते, पण मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात जे झालं ते मनातून जात नाही. पोटावर हात ठेवून बसते, हललं की जिवात जीव येतो. आत्या डिंकाचे लाडू, मुगाची खिचडी असं काही ना काही करून घालते आणि मी नको म्हटलं की डोळे वटारते. निवृत्त झाली तरी मास्तरीण ती मास्तरीणच.

हां, तुझं पत्र ऐकून तिनं एकच विचारलं. त्या पोरीच्या पाठवणीला तू होतास का? मी म्हटलं, कुठला असणार, तो बँकेत होता. त्यावर ती उठून तांदूळ निवडायला बसली. तिचं काय बिनसलं कोण जाणे.

वेळेवर जेव. उत्तराची वाट बघते, कारण मला दुसरं कामच नाही. आठवण ठेवणारी,
ताई


लातूर,
३ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आत्याला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. मला दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

संगमेशनं लग्नाचे फोटो गटावर टाकले. एका फोटोत मी आहे. शेवटच्या रांगेत, चेहऱ्यावर मोठा मोठेपणा घेऊन, दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर धरून उभा. आणि माझ्या पुढं कुणीच नाही. पाट नाही, अंतरपाट नाही, नवरी नाही, मागची मोकळी माती दिसते. माझ्या दोन हातांच्या मधे मात्र काही अक्षता हवेतच थांबल्यात. गटातले सगळे हसून राहिले, म्हणे सर्वेशनं वाऱ्याचं लग्न लावलं. संगमेश म्हणाले की ज्यांना मामा नव्हता त्यांच्यासाठी ट्रस्टनं आधीच माणसं ठरवली होती, त्या टोकाला जोडपंच नव्हतं. मी म्हटलं ऊन लागलं असेल. मलाही तसंच वाटत होतं.

पण या रविवारी रक्तदान शिबिरात मला चहा-बिस्किटाचं काम होतं. भर सकाळ, टाऊन हॉलमध्ये माणसांची गर्दी. शेवटच्या खुर्चीवर ती बसलेली. तीच पिवळी साडी, कपाळावर मुंडावळ्या तशाच. ताई, इतके दिवस झाले तरी तिची हळद ओली होती. मला बघून उठली आणि विचारलं की गाडी कधी येणार. मी घाबरून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की बहिणीचं बाळंतपण आहे, नांदेडला जायचंय, मग बघतो. तिनं विचारलं की बहिणीला मुलगी झाली तर तिला तरी शेवटपर्यंत पोचवशील ना. रागानं नाही गं, अगदी साधं विचारलं. मी तिच्यापुढं चहाचा कप धरला, तर शेजारच्या पोरानं विचारलं की हा कप कुणाला देताय. वळून बघतो तर खुर्ची रिकामी, आणि खुर्चीवर ओल्या हळदीचा डाग.

तेव्हापासून माझ्या तळहातांची हळद जात नाही. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. नोटा मोजताना लोक हाताकडं बघतात.

मला वेडा म्हण हवं तर, पण उत्तर लवकर दे. तुझ्याच भरवशावर असलेला,
सर्वेश


नांदेड,
८ जून २०२५

चि. सर्वेश यास,
अ. उ. आ.

तुला चांगलं फैलावर घ्यावं म्हणून पेन उचललं होतं. आठवा महिना असलेल्या बहिणीला असलं काही लिहितं का कुणी! पण पेन तसंच हातात राहिलं. शेवटी आत्याला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली की हेच माझ्या मनात आलं होतं.

तिचं म्हणणं असं. नवरीच्या मागं मामा म्हणून उभं राहणं म्हणजे पाणी वाटणं नव्हे. तिथं दोन तास, चार तास असं काही नसतं. उभा राहिला की तो मामाच झाला. मग नवरीची ओटी भरून, शिदोरी देऊन, तिला गाडीत बसवून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं असतं. तू त्या पोरीला येतोच म्हणून मांडवात उभी करून आलास. ती या जगातली असो नाहीतर नसो, तिचं लग्न लागलंय आणि पाठवणी राहिलीय. ती उभीच राहणार.

मी विचारलं, नाही केली पाठवणी तर काय होईल. आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली की एक भाची वाटेत ताटकळत असताना त्याच मामाच्या घरी दुसरी कशी यायची. सर्वेश, मी लगेच पोटावर हात ठेवला रे. कारण तू चहाचा कप धरलास त्या रविवारपासून बाळाची हालचाल कमी झालीय. डॉक्टरांनी ठोके तपासले, आहेत म्हणाले, पण निपचित पडल्यासारखं असतं, तेही आडवंच. मला हे बाळ हवंय. पुन्हा एकदा दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी यायची ताकद माझ्यात नाही.

साडी-चोळी घे, खण-नारळ घे, एखाद्या सवाष्ण बाईला सोबत ने, वाटेसाठी खायचं दे आणि गाडी सांग. त्याच मैदानावर जा. बँकेला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

काळजीनं अर्धी झालेली,
ताई


लातूर,
१७ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण पत्र आलं त्याच दिवशी ती बँकेत आली. दुपारची वेळ, खातेदारांच्या बाकावर बसली. तिच्या दोन्ही बाजूला माणसं होती, पण मधली जागा सोडून बसलेली, का सोडली ते त्यांनाही कळलं नसेल. आता रोज येते. काही मागत नाही. काउंटरपाशी येऊन बाळ वळलं का एवढं विचारते आणि जाते. मी तिला बाळ आडवं असल्याचं कधीच सांगितलं नव्हतं, ताई.

संगमेशच्या वडिलांना, शिवलिंगअप्पांना जाऊन भेटलो. शिवकन्या, लोह्याकडची, एवढंच म्हणालो आणि ते खुर्चीत मागं टेकले. काही वर्षांपूर्वी याच सोहळ्यात त्या नावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा-मुलगी एकाच गावचे, म्हणून ट्रस्टनं दोन्ही घरांना मिळून एकच टेम्पो पाठवला. सख्ख्या मामाचं काहीतरी मानपानावरून फिसकटलं होतं, तो काही आला नाही. त्याची वाट बघून निघायला उशीर झाला, मग टेम्पो जोरात हाणला आणि वाटेत उलटला. नवरा-नवरी दोघंही गेली, सोबतचे आणखी काही. अप्पांनी त्या वर्षी मांडव तसाच उतरवला. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हणालो की पाठवणी मी करतो. त्यांनी मला वेडा ठरवलं नाही, उलट हात जोडले.

येत्या रविवारी, बावीस तारखेला दुपारी. हिरवी साडी आणलीय. आमच्या शाखेतल्या उज्वला मॅडम ओटी भरायला येतात म्हणाल्या, त्यांना मी नवस आहे असं सांगितलंय. मेसवाल्या मावशी दशम्या करून देणार. ऑटो सांगून ठेवला. साहेबांना म्हणालो की रविवारी माझा फोन बंद राहील. तोंड वाकडं केलं त्यांनी, करू देत.

भीती वाटते, पण तुझ्या बाळासाठी एवढं करणारच. पाठीशी राहा.
सर्वेश


नांदेड,
२० जून २०२५

चि. सर्वेश यास,
अ. उ. आ.

स्पीड पोस्टानं टाकतेय, उद्यापर्यंत मिळावं. आत्याला आज पहाटे एक गोष्ट सुचली आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही. फोनवर सांग म्हटलं तर ऐकत नाही. तिच्या मते पाठवणी होईपर्यंत हा विषय उघड्यावर बोलायचा नाही, कुणी ऐकत असतं. माझा फोनही देईना.

नीट वाच. गाडीत बसताना प्रत्येक नवरी रडते आणि विचारते की मला न्यायला कधी येणार. त्यावर प्रत्येक माणूस सवयीनं एकच उत्तर देतो. ते तू देऊ नकोस. तिला साडी दे, खायला दे, हात जोड, पण माहेराला यायचा शब्द देऊ नकोस. आणि तिच्या गाडीत पाय टाकू नकोस, कितीही विनवलं तरी.

बाळासाठी आणि माझ्यासाठी एवढं कर.
ताई


लातूर,
२४ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं स्पीड पोस्ट काल सोमवारी मिळालं. आता काय सांगू तुला.

रविवारी मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मांडव नाही, काही नाही, पावसानं थोडं गवत उगवलेलं. ती त्याच टोकाला उभी होती. उज्वला मॅडमना दिसत नव्हती. मी दाखवलं तिथं त्यांनी देवीची भरावी तशी ओटी भरली. ओंजळीतले तांदूळ सोडले आणि ताई, ते खाली पडलेच नाहीत. खण गेला, नारळ गेला. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या, पण बाई धीराची, हळदीकुंकू लावूनच मागं सरकल्या.

मी सांगितलेला ऑटो फाटकाशी उभा होता. ती त्याच्याकडं गेलीच नाही. पलीकडं लिंबाखाली एक टेम्पो होता, एका अंगानं चेपलेला. मागं माणसं दाटीवाटीनं बसलेली, नवे कपडे घातलेली, सगळ्यांच्या माना खाली. नवरदेव चालकाशेजारी. कुणी हूं का चूं करत नव्हतं. ऑटोवाला त्याच लिंबाच्या सावलीत तंबाखू मळत होता आणि त्याला काही पत्ता नव्हता.

टेम्पोपाशी आल्यावर ती माझ्या गळ्यात पडून रडली. अंग इतकं थंड की माझे दात वाजले, पण रडणं मात्र आपल्या घरच्या पोरीसारखं. मला म्हणाली की सासरी कुणी ओळखीचं नाही, पोचवायला चल. मागच्या माणसांनी सरकून एका माणसापुरती जागा केली. खरं सांगतो, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. एक पाय वर ठेवलाही होता. उज्वला मॅडमनी मागून माझा शर्ट ओढला, म्हणून उतरलो.

मग तिनं विचारलं, न्यायला कधी येणार. ताई, माझ्या तोंडून आपोआप गेलं की पंचमीला ये. कुठं, म्हणाली. माझ्या खोलीवर घरमालक कुणाला येऊ देत नाही, तेच डोक्यात आलं, आणि मी आपल्या घरचा पत्ता सांगून बसलो. तरोडा नाक्याच्या अलीकडं, पाण्याच्या टाकीमागं, गोदावरी मास्तरणीचं घर विचार म्हणालो. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. टेम्पो निघाला, धूळ उडाली नाही. दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो.

रात्री हात धुतले तर हळद गेली होती. चूक झाली माझी. पण ती रडत असताना दुसरं काय म्हणायला हवं होतं?

बाळाचं लगेच कळव. तुझा मूर्ख भाऊ,
सर्वेश


नांदेड,
३१ जुलै २०२५

चि. सर्वेश यास,
देविकाचे अ. उ. आ. आणि तुझ्या भाचीचा नमस्कार. ती सध्या तो मूठ वळूनच करते.

बारशाला आलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपण दोघंही तो विषय टाळत होतो. तुला एकच सांगायचं राहिलं. त्या बावीस तारखेच्या दुपारी बाळ पोटात असं काही फिरलं की मी किंचाळले. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं तर डोकं खाली आलेलं. म्हणून ती अशी सुखरूप आली.

परवा पंचमी झाली. मी सकाळीच आत्याला म्हटलं की दार लावून घेऊ, कडी घालू. ती उसळलीच माझ्यावर. शब्द देऊ नको म्हणून सांगणारी तीच, पण आता दिलाय तर या घरचं दार बंद राहणार नाही म्हणाली. तिनं दिंडं उकडली, माझ्या हाताला मेंदी लावली, दाराला नाग काढला. मी बाळाला पदराखाली घेऊन बसले.

दुपारी ती आली. तू दिलेली हिरवी साडी, गळ्यात काळी पोत. मुंडावळ्या नव्हत्या, हळद नव्हती. माहेरी आलेली कुठलीही सासुरवाशीण दिसते तशीच, थोडी वाळलेली, थोडी लाजलेली. आत्यानं तिच्या पायांवर पाणी घातलं. तांब्याभर पाणी घातलं, पण फरशी कोरडीच राहिली. तरी तिनं तांब्या रिकामा करूनच ठेवला.

दिंडं खाल्ली, आणखी मागून घेतलं. मग बाळासाठी हात पुढं केले. मी कसं दिलं ते मला सांगता येणार नाही. सगळ्यांकडं रडणारी ही पोर तिच्याकडं टक लावून बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं स्वतःहूनच दुपटं नीट करून परत दिली. पोर इतकी गार लागली की मी छातीशी घट्ट धरली, हळूहळू ऊब आली, दूध प्यायली, झोपली. काही झालं नाही तिला. आजही छान आहे.

निघताना मी तिची ओटी भरली. ती वाकली तेव्हा तिनं एक हात पोटावर ठेवला. सर्वेश, तसा हात कसा ठेवतात ते मला चांगलं माहीत आहे. खाली बघत म्हणाली की दिवस गेलेत, आणि तिकडची सगळी म्हणतात की पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, तर माघात येऊ का.

तिकडं म्हणजे कुठं, जन्माला येणार ते कोण, कसं, कुठल्या डॉक्टराकडं न्यायचं, असे प्रश्न माझ्या मनात उभे राहिले. ती उंबऱ्याकडं बघत उभी होती. पाय सुजलेले होते. नाही ऐकायची तिनं तयारी करून ठेवलेली दिसत होती, आणि ते मला बघवेना. ये म्हटलं मी. तुला बोल लावणारी मी, मीच शब्द देऊन बसले. ती माझ्या पाया पडली. तिचं कपाळ टेकलं तिथं पाय अजून गार आहे.

आत्यानं कालपासून जुन्या लुगड्याचं दुसरं दुपटं शिवायला घेतलंय. मी कुणासाठी म्हणून विचारलं नाही. माघात रजा काढ, मला एकटीला हे झेपणार नाही.

आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे, आणि आता त्यातला थोडा तिच्यासाठीही ठेव.

तुझी,
ताई